जवाखालचं तळं

९ एप्रिल

मुख्तार शाळेत आला की त्याला काहीतरी फुकटात हवं असतं. आज सातवीचा तास चालू असताना आमचा गावप्रमुख साब्री दारात उभा. टोपी हातात आणि तोंडावर लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्याचा भाव. "बाई, पाच मिनिटं." पाच मिनिटांचा पाऊण तास झाला आणि पोरांनी तेवढ्यात फळ्यावर माझं नाक काढलं.

काम असं. तळ्याची हद्द ठरवणाऱ्या समितीकडून एक इंग्रज बाई येणार आहे, पाण्याची जाणकार. अकसाझचं तळं अजून तळं आहे का आणि असलं तर कुठवर, हे ती ठरवणार. तिला दुभाषी पाहिजे आणि इंग्रजी येणारं माणूस गावात मी एकटी.

"तिला काय सांगायचं ते सगळ्यांना सांगून ठेवलंय," साब्री म्हणाला. "गावालगतच्या होड्यांच्या जुन्या धक्क्यापर्यंत यायचं ते पुराचं पाणी. तळं म्हणजे ते खाली चमकतंय ना, तेवढंच. बस्स. तुम्ही फक्त नीट इंग्रजी करा."

त्याने अर्धंच सांगितलं, उरलेलं मला ठाऊक आहे. त्या बाईने रेघ आजच्या पाण्यापाशी ओढली तर मधली सगळी शेतं लोकांकडे राहतील. पण मग वरच्या धरणवाल्यांवर पाणी सोडायची सक्ती उरणार नाही आणि उरलंसुरलं तळं काही वर्षांत आटेल. रेघ जुन्या धक्क्यापाशी गेली तर धरणाला दर वसंतात पाणी सोडावं लागेल आणि शेतं सरकारजमा होतील. त्यात आमचंही शेत आलं, घरासमोरचं, जिथे तहसीन जव पेरतो.

जेवताना तहसीनला सांगितलं. "मग कर की," म्हणाला आणि बुलगुर अर्धा टाकून ट्रॅक्टरचा पट्टा बघायला उठला. चौकशी नाही, काळजी नाही. माझा नवरा गोष्टी अशाच ऐकतो.

तो कोळी होता. पाणी हटलं, मासे संपले, होडी विकली, आणि पुढची तीन वर्षं तो कहवाखान्यात भिंतीकडे तोंड करून बसला. दाढीसुद्धा मीच आठवण केली तर व्हायची. मग एका शरदात भाड्याचा नांगर आणून त्याने समोरची कोरडी जमीन उलथली आणि माणूस परत माणसात आला. त्या शेतात मी पाय ठेवत नाही. का, ते लिहायचा आज मूड नाही. पण त्या शेताचे उपकार मी नाकारत नाही, आणि ते गेलं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल ही भीती मला आजपासूनच लागली आहे.

१२ एप्रिल

आली. नाव ज्युडिथ. साठीची, उंच, नाक उन्हाने सोललेलं, पायात बाप्यांचे बूट. शेजारच्या मास्तरांच्या खोलीत उतरली आहे. सासूबाईंनी पाहताक्षणी विचारलं, "हिला नवरा आहे का?" मी भाषांतर केलं नाही. ज्युडिथ म्हणाली, "त्या काय म्हणाल्या ते कळलं. होता." सासूबाईंनी लगेच तिला यूफकाच्या तीन पातळ रोट्या वाढल्या.

दुपारी सगळ्या मिळून आमच्या गच्चीवर गेलो. आधी जव, मग पांढरी खारी जमीन, मग लांबवर पाण्याची पट्टी. ज्युडिथने विचारलं, "तळं कुठे आहे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी हात केला. "ग्योल", आमचा तळ्याचा शब्द, तेवढा तिला कुणीतरी शिकवून पाठवला होता, तो ऐकून त्यांना प्रश्न कळला. हात सरळ समोर, तहसीनच्या शेतावर. "हे काय, पायरीपासून. कुठे असणार?"

"त्या म्हणतात, तिथे खाली," मी म्हणाले.

पहिल्याच दिवशी खोटं. इतकं सहज जमेल असं वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल

धूळ. वारा खाऱ्या जमिनीवरून येतो आणि खिडकीत बोटभर पांढरं सोडून जातो. तीनदा पुसलं. वर्गात निम्मी पोरं डोळे चोळत होती.

ज्युडिथने तिचं म्हणणं नीट समजावलं. आकाशातून काढलेली चित्रं तिच्याकडे आहेत, धक्क्यापर्यंत पाणी असलेली. "पण त्याने काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "नदी फुगून गव्हात शिरली तर गव्हाला कुणी तळं म्हणत नाही. सरकारी वकील हेच म्हणतील. पाणी मला दिसतंय. लोक कशाला काठ मानत होते, ते दिसत नाही. लोकांनी वर्षानुवर्षं काठ म्हणून काही केलं असेल तर त्यालाच अर्थ आहे."

संध्याकाळी तिला गच्चीवर घेऊन बसले होते. जव हिरवागार आहे, पण मध्ये मध्ये पॉपीच्या रानफुलांची लाल बेटं. तिने विचारलं, ही काय? तहसीन कोपऱ्यात नळी जोडत होता. मी त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "कोळ्याने नांगर धरला की असं होतं. सरळ रेषेत जायचं त्याला जमत नाही, तण ठेवून पुढे जातो. सगळं गाव हसतं."

तेच त्याला आमच्या भाषेतही ऐकवलं. तो म्हणाला, "हात वळत नाही." त्याला कधी राग येतच नाही का, हा प्रश्न मला वीस वर्षांपासून आहे.

१६ एप्रिल

सहावीला पाणी-जमिनीचे शब्द शिकवले. डोंगर, नदी, बेट, तळं. पुस्तकातला इंग्रजी अर्थ वाचून दाखवला: चारी बाजूंनी जमीन असलेलं मोठं पाणी. सेव्हिलाय नावाची एक मुलगी आहे, कमी बोलणारी. तिने हात वर केला. "बाई, पाणी गेलं तर इंग्रजीत काय म्हणतात?"

मी म्हणाले, मग तळं नाही म्हणत.

"मग आम्ही कशाच्या काठाला राहतो?"

घंटा झाली म्हणून सुटले. पण दिवसभर ते डोक्यात. इंग्रजांचा शब्द पाण्याला चिकटलेला आहे, पाणी गेलं की शब्द गेला. आमच्या ग्योलला पाण्याची अट कधी कुणी घातली? नळ फुटला की सासूबाई ओरडतात, स्वयंपाकघराचं ग्योल झालं. ताटात रस्सा जास्त पडला तर ग्योल. आणि समोर, जिथे टिपूसभर पाणी नाही, तिथे बाया सकाळी खुरपं घेऊन निघतात आणि म्हणतात, ग्योलवर चाललो. गेलेल्या माणसाच्या खोलीला लोक त्याचीच खोली म्हणत राहतात, तसं काहीसं असावं.

हे ज्युडिथला सांगितलं तर तिला फार आवडेल. म्हणून सांगणार नाही.

१९ एप्रिल

साब्रीकडे बैठक. गावातले सात-आठ बाप्ये ओळीने, दाढ्या करून. चहा, बदाम, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच पाठ केलेलं वाक्य. पुराचं पाणी. पुराचं पाणी. मी प्रत्येकाचं इंग्रजी करत गेले आणि ज्युडिथ लिहीत गेली. चौथ्या माणसाने तर प्रश्न संपायच्या आधीच उत्तर दिलं.

साब्री खुलला. "विचारा म्हणावं कुणालाही. इथलं पोरगंसुद्धा सांगेल की ती शेती आहे, तळं नाही. आम्ही त्या जागेला शेतच म्हणतो, जन्मापासून."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची बहीण, आवाज खोलीभर. "ट्रॅक्टर कुठे आहे रे?"

"हालित घेऊन गेलाय."

"कुठे?"

"ग्योलवर," साब्री म्हणाला. "कुठे जाणार? नांगरायला ग्योलवर गेलाय."

खोलीत कुणी चहा ढवळेना. साब्रीला स्वतःला कळायला थोडा वेळ लागला, मग त्याच्या मानेपासून रंग चढत गेला. एक म्हातारा भिंतीकडे वळून खोकल्याचं सोंग करत हसत होता.

ज्युडिथने माझ्याकडे पाहिलं. "ट्रॅक्टर तळ्यात गेलाय?"

मी म्हणाले, "तळ्याकडच्या रस्त्याने गेलाय, असं म्हणतात ते."

"अच्छा," म्हणाली आणि लिहिलं. तिने काय लिहिलं ते वाचायचं धाडस झालं नाही. बाहेर पडताना साब्री कानाशी आला. "बाई, तुम्ही नसतात तर बुडालो होतो." मला त्याच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं, पण दार त्याच्याच घराचं होतं.

२३ एप्रिल

मुलांचा सण. पोरांनी झेंडे घेऊन कवायत केली, धुळीने सगळ्यांचे पांढरे सदरे खाकी झाले. सेव्हिलायचे डोळे इतके सुजले होते की तिला रांगेतून बाहेर काढावं लागलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, जमीन ओली झाल्याशिवाय हे जायचं नाही. मी तिला म्हणाले, थेंब द्या, जमिनीचं नंतर बघू. उगाच तिच्यावर डाफरले.

ज्युडिथ ओट्यावर चित्र काढत बसली होती. रंगाच्या एका नळीवर इंग्रजीत "तळं" छापलेलं दिसलं, आत मात्र गडद लाल. विचारलं. म्हणाली, तो एका जातीच्या रंगाचा शब्द आहे, पाण्याशी संबंध नाही, असे लाल रंग पूर्वी मुळांपासून करत. सासूबाईंना सांगितलं तर त्या हातातली लोकर टाकून आल्या. त्यांच्या तरुणपणी इथल्या बाया असल्याच मुळांनी लोकर रंगवायच्या.

"ह्यांचं तळं लाल असतं?" त्या म्हणाल्या. "आणि आमच्या तळ्याला नाव ठेवायला एवढ्या लांबून आली?"

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं. ज्युडिथ खूप हसली. तिच्याशी खोटं बोलायला लागत नाही तेव्हा ती मला फार आवडते, आणि त्यामुळे बाकीच्या वेळी जास्त त्रास होतो.

२६ एप्रिल

आज तिने नेमका तोच प्रश्न विचारला. इतके दिवस मी त्याची वाट बघत होते आणि तो येऊ नये म्हणून तिला दुसऱ्याच गोष्टी दाखवत होते. पाणचक्की दाखवली, मशिदीचा नवा नळ दाखवला.

"काठावर काही करायच्या का बायका? सण, नवस, असं काही? ठरलेल्या दिवशी, पाण्याच्या कडेला?"

"नाही," मी म्हणाले. "आमचं गाव तसं साधंच आहे."

आता इथे तरी खरं लिहिते. पाच मेच्या संध्याकाळी हिद्रेल्लेझ, आमचा वसंताचा सण. त्या रात्री हिझिर बाबा पाण्यावरून चालत येतो आणि काठावर जे मांडलेलं दिसेल ते देतो. म्हणून बाया आपापल्या घरासमोर, पाण्याच्या अगदी कडेला, गोट्यांनी आपली इच्छा मांडतात. घर पाहिजे त्याने घर, गाय पाहिजे त्याने गाय. मी पाळणा मांडायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वसंतापासून दर वर्षी पाळणा. पाणी दर वर्षी मागे जायचं आणि माझा पाळणाही त्याच्यामागून खाली खाली जायचा. आदल्या वर्षीचा वर कोरड्यात पडलेला, चिखल वाळून त्यात गोटे पक्के बसलेले. घराच्या पायरीपासून पाण्यापर्यंत पाळण्यांची रेघ. होडी विकली त्या वर्षी मी शेवटचं काहीतरी मांडलं आणि मग थांबले.

ज्युडिथला हवा तो काठ हाच. कुठल्या वर्षी कुठवर, सगळं माझ्या हातांनी मांडलेलं होतं.

होतं. कारण त्यावर तहसीनने नांगर फिरवला. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या दिवशी मी शाळेतून आले तर समोर सगळी जमीन काळी उलथलेली, आणि तो बांधावर बसून भाकरी खात होता, किती दिवसांनी भुकेने खात होता. काय बोलणार? तो सावरत होता. मी आत जाऊन भांडी घासली. तेव्हापासून त्या शेतात गेले नाही आणि त्याला कारण सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

तेव्हा खोटं असं काय बोलले मी? दाखवायला काही उरलेलंच नाही.

२७ एप्रिल

पडदे धुतले. ते स्वच्छच होते. वाळत घातले आणि पुन्हा धूळ बसली. कशात लक्ष नाही.

३ मे

ज्युडिथने कच्चा अहवाल वाचून दाखवला. रेघ खाली, आजच्या पाण्यापाशी. "मला स्वतःला पटत नाहीये," ती म्हणाली, "पण हातात काही नाही. सगळे एकच सांगतात. तू मला एवढी मदत केलीस, तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, लोकांना जास्त कळतं.

घरी येऊन तहसीनला सांगितलं, शेत राहील. इतके दिवस मी ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ती बातमी त्याला दिली. तो कांदा सोलत होता. सोलतच राहिला.

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय? पाणी जाईल. तसंही जातंच आहे."

"हं."

"हं काय? तुझं शेत राहिलं. तुझ्यासाठी मी सगळ्या गावाचं खोटं इंग्रजीत करत फिरले."

"मी सांगितलं होतं?" आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं.

मला इतका संताप आला की कांदा त्याच्या हातातून घेऊन मीच चिरला. जाड चिरला. सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "परवा हिद्रेल्लेझ आहे. मला पाण्यावर घेऊन चला."

आता बहुतेक बाया अंगणातल्या गुलाबाखालीच मांडतात, पाणी फार लांब गेलं म्हणून. मी त्यांना तेच म्हणाले. "आपल्याकडे गुलाब आहे की."

"हिझिर पाण्यावरून येतो," त्या म्हणाल्या. "कुंड्या बघत फिरायला तो माळी नाही."

६ मे

कालचं लिहायला बसले आहे. सकाळपासून दोनदा बसले आणि उठले.

सासूबाईंना चालवत नाही म्हणून तहसीनने ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडली, त्यात गादी घातली. ज्युडिथ दारात उभी. कुठे निघालात? मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी गादीवर हात आपटून तिला जागा दाखवली. त्या दोघींचं माझ्याशिवाय बरं जमतं. तर मग मलाही चढावंच लागलं.

मला वाटलं, तो साब्रीच्या बाजूने पक्क्या रस्त्याने नेईल. त्याने ट्रॅक्टर सरळ शेताच्या मधल्या वाटेत घातला. मी मान फिरवून घराकडे बघत बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या शेतात शिरत होते आणि मला ते बघायचं नव्हतं.

ट्रॅक्टर वळला. मग पुन्हा वळला. "सरळ ने की रे," सासूबाई म्हणाल्या, "आतडी वर आली." ज्युडिथ ट्रॉलीच्या कडेला धरून खाली वाकून बघत होती. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मुअल्ला, हे काय आहे?"

लाल फुलांचं बेट होतं, गच्चीवरून दिसायचं त्यातलं एक. जवळून बघितलं तर फुलं कडेकडेने होती. मध्ये तण काढून जमीन साफ ठेवलेली. आणि त्या जमिनीत गोटे, दोन्ही टोकांना वर वळलेल्या दोन रांगा, आणि आत एक पांढरा गोटा, उशीच्या जागी. तो पांढरा गोटा मी कुठून आणला होता तेसुद्धा मला आठवलं.

तहसीनने ट्रॅक्टर थांबवला होता. पाठमोराच बसलेला.

मी पुढे बघितलं. पुढचं बेट, त्याच्या पुढचं, घरापासून पाण्याकडे एका रेघेत. आजूबाजूला सगळीकडे जव, आणि हात न वळणाऱ्या माणसाने प्रत्येकाभोवती नांगर गोल फिरवलेला. दर वर्षी. मी गच्चीवरून हसत होते तेव्हाही.

"हे तू," मी म्हणाले.

"तू मांडलेलं मी कसं मोडू?" तो म्हणाला. पाठमोराच.

"मग सांगायचं नाही?"

"तू इकडे येतच नव्हतीस. म्हटलं, तुला बघवत नसेल. नको आठवण."

सासूबाई म्हणाल्या, "मी केव्हाच सांगणार होते. तुम्ही दोघं मला बोलू देता कुठे?" हे साफ खोटं आहे, त्या घरात कुणालाच बोलू देत नाहीत. पण मी रडत होते, तेव्हा भांडले नाही.

मग ज्युडिथ हळूच म्हणाली, "मला नाही सांगितलंस तरी चालेल."

तिला कळलं होतं. बहुधा फार आधीपासून सगळंच कळत होतं, ट्रॅक्टर तळ्यात गेला तेव्हापासून. मी तहसीनकडे बघितलं. आता तो वळला होता. शेताकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघत होता.

"सांग तिला," म्हणाला.

"तहसीन, शेत जाईल."

"मी नांगरताना रोज त्याच्याभोवती वळत होतो, मुअल्ला. मला काय माहीत नव्हतं मी कशात पेरतोय ते? सांग."

मी सांगितलं. हा पाळणा आहे. हा मी मांडला. त्या वर्षी पाच मेला पाणी इथवर होतं, आणि इथून खाली तळं होतं. मग पुढच्या पाळण्यापाशी जाऊन तेच, आणि त्याच्या पुढच्या. महिनाभर मी इतकं इंग्रजी बोलले आणि कालची वाक्यं पहिल्यांदाच शोधावी लागली नाहीत. ज्युडिथ नकाशावर खुणा करत चालली होती. मधेच विचारलं, बाकीच्यांच्या शेतात अशा खुणा आहेत? मी म्हणाले, होत्या. त्यांनी नांगरल्या.

"मला आता काय लिहावं लागेल ते त्यांना कळतंय ना?" तिने तहसीनकडे बघत विचारलं.

"कळतंय म्हणावं," तो म्हणाला. "यंदाचा जव काढू देतील का, एवढं विचार." ती म्हणाली, ते ती स्वतः लिहील. तो म्हणाला, मग ठीक आहे. कहवाखान्यातल्या भिंतीचा विचार माझ्या मनात आला आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे मला भीती वाटावी असं काही दिसलं नाही. दमलेला होता, एवढंच. साब्री उद्या दारात येईल, अख्खं गाव येईल, आणि त्यांना काय सांगायचं हे मला अजून माहीत नाही.

ऊन उतरलं होतं. सासूबाईंना पाण्यापाशी नेऊन उतरवलं. त्यांनी दर वर्षीसारखी गोट्यांची एक खाट मांडली, झोपेत मरण यावं म्हणून, आणि ज्युडिथलाही एक मांडायला लावली. ज्युडिथने काय मांडलं ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी काही मांडलं नाही.

परत येताना शेवटच्या बेटाशी तहसीन पुन्हा थांबला. हे बाकीच्यांपेक्षा मोठं होतं, फुलं दाट.

"हा मोठा का गं?" त्याने विचारलं. "मला नेहमी वाटायचं, ह्या वर्षी हिने जुळी मागितली."

"तो पाळणा नाही."

"मग?"

"होडी आहे," मी म्हणाले. "तू होडी विकलीस त्या वर्षी मांडली होती. पाळणा नको म्हटलं, हिला पाणी दे."

तो ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला, फुलं बाजूला सारली आणि एका टोकाचे दोन-तीन गोटे सरकले होते ते जागेवर लावत बसला. सासूबाई म्हणाल्या, अंधार पडतोय रे. मी त्यांना गप्प केलं आणि उतरून त्याच्या शेजारी बसले.

"हा इकडे," मी म्हणाले. "हे पुढचं, नाळेचं टोक."

"होडीचं मला सांगू नकोस," तो म्हणाला, आणि गोटा मी म्हणाले तिथेच ठेवला.